अकरावा रकाना

खुशालभाऊ, तुमचा सर्वर काही एवढ्यात येत नाई. मी पाहून राहिलो ना, ते गोल चाक कवाचं फिरून राहिलं स्क्रीनवर, माह्या घरचा रहाटबी एवढा फिरत नाई. चाय सांगा दोन, आनि तवरोक माही एक गोठ आयका. लहान गोठ हाये, चाय थंडी व्हाच्या आधी संपन. फक्त सांगाले मले चव्वेचाळीस वर्सं लागली, म्हनून मंधात कुठं अटकलो त हासू नोका. आनि दाराकडं वळून पाहू नोका. माही सून तिथंच उभी हाये, कडुलिंबाखाली, पोट्टीले घेऊन. तिले वाटाले पायजे का बुडा चाय पिऊन राहिला, गप्पा हानून राहिला. बुडे तेच करतात.

दहा मिनिटं झाले असन. तुमी तो कागद वाचून राहिले होते, नागपूरच्या डाक्टर मॅडमनं देल्ला, अपंगाच्या सर्टिफिकेटाच्या अर्जासंग लावाचा. पोरीचं नाव मोनू, वय पाच वर्सं अकरा महिने, बोलते का, थोडंसं बोलते, समोरचा शेवटी जे बोलला तेच परत बोलते. तुमी पेन चालवत होते, वर पाहत नोयते. दहावा रकाना वाचला, पालकांच्या मते कारण. आनि माह्या सुनेनं, तृप्तीनं, घरचा पत्ता सांगावा तसं सांगतलं, "लिहा भाऊ, पोरीच्या आईनं ग्रहनात कैची धरली." तुमी लिहून टाकलं. तुमचा दोष नाई, तुमी दिवसाले पन्नास फारम भरता. मंग अकरावा वाचला, कुटुंबात यापूर्वी असं कोनी होतं का. तिनं माह्याकडं पाह्यलं. मी म्हनलं, नाई. तुमी नाई लिहलं. आनि लगेच सर्वर गेला, आनि बाहेर कोन्या आटोवालानं हारन देल्ला, आनि मोनू किंचाळली, म्हनून तृप्ती तिले घेऊन बाहेर गेली. बस. एवढंच झालं. कोनी मेलं नाई, कोनी भांडलं नाई. पन तेव्हापासून माह्या कानाले कायतरी झालं हाये. तुमचा पंखा आयकू येऊन राहिला, त्याचं एक पातं घासते. बाजूच्या झेराक्सवाल्याची मशीन आयकू येऊन राहिली. पलीकडच्या लाईनीत कोनी पान्याचा पितळी गुंड ठोकून राहिला. तुमच्या खुर्चीचा पाय, माहाच श्वास. सारं एकाच मापानं येऊन राहिलं, कोनतं मागं नाई, कोनतं पुढं नाई. मॅडम म्हनत होत्या का मोनूले असंच आयकू येते. आपलं डोकसं कामाचं तेवढं ठेवते, बाकीचं गाळून टाकते. तिचं डोकसं गाळत नाई. मी म्हनलं होतं, हो हो. समजलं काहीच नोयतं. आता समजून राहिलं, आनि मले पाच मिनिटंबी सहन होऊन नाई राहिलं, खुशालभाऊ. ते पोट्टी सहा वर्सं झाले सहन करून राहिली.

नवरात्रात तिले फिट आली होती, एकच आली, पन आली. म्हनून नागपूरले डोकशाचा फोटो काढाले नेलं. भूषन, माहा पोरगा, तो शहापूरले हायवेवर गोडाऊनमंधी हाये, त्याले सुट्टी भेटली नाई, म्हनून मी गेलो तृप्तीसंग. पोट्टीले झोपेचं औषध देऊन त्या नळकांड्यात घातलं. आमी दाराबाहेर. आतून आवाज ठक ठक ठक ठक, मंग थांबे, मंग दुसऱ्याच तालात घर्रर्र. मी जनमभर कोशाच्या रेशमाचा माग चालवला, मले तालाशिवाय काही समजत नाई. मले गमलं, आत कोनी बसून पोरीच्या डोकशात कापड इनून राहिलं, आनि त्याचा हात चुकून राहिला. तृप्ती भिंतीले डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. दोन घंट्यानं फिल्म हाती आली, काळी, मोठी, त्याच्यात अक्रोड फोडल्यासारखे पंधरा-वीस तुकडे. मी काय केलं, ते फिल्म खिडकीपाशी नेली आनि उजेडात धरली. आमच्यात तसंच करतात. कापडाचं थान निघालं का उजेडात धराचं, जिथं धागा तुटला असन, जिथं दोन धागे एका घरात गेले असन, तिथं उजेड खोटा पडते. मी एकेक अक्रोड पाह्यला. इकडून पाह्यला, उलटा करून पाह्यला. मांगून मॅडम आल्या, तरणी बाई, चष्मेवाली, म्हनते, "आजोबा, काय शोधताय?" मी म्हनलं, "फाल्ट." त्या हासल्या नाईत. म्हनल्या, "यात नाही सापडणार. हा रिपोर्ट चांगला आहे. कुठे जखम नाही, गाठ नाही." त्यायले वाटलं, मले बरं वाटन. मी त फिल्म परत उजेडात धरली. जे उजेडात दिसत नाई ते काढाचं कसं?

मंग त्यायनं आमाले बसवून समजावून सांगतलं. चांगल्या बाई होत्या, कागदावर पेनानं रेघा ओढून सांगे. का पोटात असताना आनि जनमल्यावर वर्स-दोन वर्सं पोराच्या मेंदूत लागते त्याच्यापेक्षा जास्त जोडन्या होतात, लय, मोजता येनार नाई एवढ्या. मंग पोरगं मोठं होता होता ज्या नाई लागत त्या आपोआप छाटल्या जातात. "काही मुलांमध्ये ही छाटणी कमी होते, असं अभ्यासात दिसलंय," त्या म्हनल्या. "जवळजवळच्या जोडण्या दाट राहतात, लांबच्या काही पातळ. सगळ्यांचं सारखं नसतं. आणि पूर्ण कळलंय असं अजून कोणीच म्हणू शकत नाही." तृप्ती कागदाकडं पाहत होती. तिनं इचारलं, "म्हंजे मॅडम, काही कापल्या गेलं नाई ना?" मॅडम म्हनल्या, "नाही हो, उलट. मेंदूची घडणच थोडी निराळी." तवा मी तृप्तीचं तोंड पाह्यलं, खुशालभाऊ. जसं कोनी मानेवरचं ओझं एका हातानं उचलून धरलं, सोडवलं नाई, नुसतं उचलून धरलं. आनि लगेच तिनं दुसरा प्रश्न केला. "मंग हे आलं कुठून?" मॅडम म्हनल्या, कारन एक नसते, पन घरान्यातून येनारा भाग मोठा असते, शेकडो बारीक बारीक गोष्टी मिळून, आनि आईबापानं काही चुकीचं केलं म्हनून हे होत नाई. मंग पेन उचललं. "घरात आधी कोणी होतं का असं? वडिलांकडून, आईकडून? उशिरा बोललेलं, आवाज सहन न होणारं?" तृप्तीनं आपल्या माहेरचं बोटावर मोजून सांगतलं, काका, मामा, मामाचे पोरं, नाई, नाई, नाई. मंग त्या दोघीनं माह्याकडं पाह्यलं. टेबलावर एक मेंदू ठेवला होता, प्लास्टिकचा, उघडून दाखवाचा, त्याचा एक तुकडा नीट बसला नोयता. मी त्या तुकड्याकडं पाहून म्हनलं, "आमच्याकडं कोनी नाई."

एसटीत परत येताना तृप्ती मौद्यापर्यंत फिल्मची थैली मांडीवर धरून होती. मंग म्हनते, "मामाजी, मॅडमले ग्रहनाचं मालूम नसन. त्यायच्या पुस्तकात नसन ते." मी खिडकीबाहेर पाहत होतो. म्हनते, "तुमच्याकडं नाई, माह्याकडं नाई. मंग राह्यली कोन? मीच राह्यली ना."

ग्रहनाचं तुमाले सांगाले पायजे. मोनू पोटात असतानाचं. सहावा महिना होता, डिसेंबर, सकाळचं सूर्यग्रहन. माही घरवाली, कौशल्याबाई, तिनं सुनेले सांगतलं, आडवी पड, हात-पाय सरळ ठेव, कापाचं नाई, चिराचं नाई, सुई-दोरा पाहाचाबी नाई. आनि आपन देवासमोर माळ घेऊन बसली. घंट्याभरानं उठून पाहते त सून मागाच्या मांगं उभी, हातात कैची, आनि दोन बोटात कोशाचा कापलेला धागा. तवा जो कल्ला झाला! "अवं, तुले समजते का नाई? कोनाचा धागा तोडला तू? पोटातल्याचा तोडला!" पोट्टी लॉकडाऊन लागला त्या आठवड्यात झाली, गोरीगोमटी, सारं चांगलं. तीन वर्सांची झाली, हाक मारली त वळून पाहे ना, तवा कौशल्यानं एकच वाक्य काढलं, "मी सांगतलं होतं." तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरात मिठासारखं हाये, रोज लागते. तसं कौशल्या वाईट बाई नाई हो. पोट्टीले आवाज सहन होत नाई म्हनून तिनं मिक्सर फडक्यात बांधून माळ्यावर टाकला, पाट्यावर चटनी वाटते, खांदा धरला तरी वाटते. तिले फक्त कारन पायजे. कारन असलं का उपाय असते. मले ते समजते. मले जे समजते ते तिले मालूम नाई, एवढाच फरक.

आता चिंधू. हे नाव मी किती वर्सांनं तोंडानं घेतलं, खुशालभाऊ, जिभेले कसंतरीच लागते, तांब्यातलं शिळं पानी प्याल्यावानी. चिंधू माहा भाऊ. माह्या मांगून दोन पोरं झाली अन् गेली, म्हनून आईनं त्याचं नाव चिंधू ठेवलं, का मरन आलं त फाटकी चिंधी समजून निघून जाईन. मरन नाई आलं. पन बाकीच्यायनं ते नाव खरं केलं. तीन वर्सं झाले त बोले ना. डोळ्यासमोर बोटं नाचवाचा, उजेडाकडं तोंड करून, असं, असं, घंटा घंटा. भात एकाच थाटीत, पोचा पडलेल्या. आमचं घर पितळेवाल्यायच्या गल्लीले लागून, सकाळी आठ वाजता ठोकाठोक सुरू झाली का तो कान दाबून मागाखालच्या, पाय सोडाच्या खड्ड्यात उतराचा, बाबाच्या पायापाशी, आनि मातीले कान लावून गुनगुन कराचा. बाबा पाय चालवत राहे, त्याले लागू देत नोयता. आनि कांड्या. बान्याच्या, म्हंजे आडव्या सुताच्या, रिकाम्या कांड्या घेऊन त्याची रांग लावाचा, सरळ, दोरी धरल्यावानी. एक कांडी कोनी हलवली त अख्ख्या गल्लीले आयकू जाईन असा रडाचा. लोक म्हनत, पार्वताबाईचा दुसरा अर्धा शिजला. आई आयकून घेई. ते त्याच्या डोक्यावर तेल घासे, रोज, जोर लावून, का आतलं कच्चं असन ते मुरन.

एक गोष्ट त्याची अशी होती का इथं बस म्हनलं त बसाचा. ऊठ म्हनल्याबिगर उठत नोयता. आनि तेबी ज्यानं बस म्हनलं त्यानंच ऊठ म्हनाले पायजे. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेले मी त्याले नेलं होतं, मी चौदाचा, तो नऊचा. ढोल सुरू झाले, तो कासावीस, मले त पाळन्यात बसाचं होतं. मी त्याले नदीकडच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर नेलं, जिथं आवाज कमी, म्हनलं, "इथं बस. मी येतो." तो माह्याकडं न पाहता म्हनला, "येतो." त्याले असंच होतं, आपल्या बोलन्याचा शेवटचा शब्द उचलून ठेवाचा. मी दोन पाळने बसलो, दांडारीचं नाटक पाह्यलं, मले इसरच पडला. परत गेलो त उन्ह दुसरीकडं गेलं होतं, तो तिथंच, मांडी तशीच, ओठ फाटले होते. पानी समोर होतं, दहा पावलावर. आईनं मले चपलेनं हानलं. बाबा बसून आयकत होता. तो फक्त येवढंच म्हनला, "म्हंजे बसते तर."

ते "बसते तर" सात वर्सांनं कामी आलं. माही सोयरीक आली, अड्याळकडची. चांगलं घर. बाबा म्हनला, "एका घरात वेडा दिसला त कोनी पोरगी देत नाई. एकच पोरगा सांगतलं हाये मी." आई तेल लावत होती त्याच्या डोक्यावर, तिचा हात जरा हळू झाला. आनि गल्लीतल्या कोनीच पाहुन्यायले सांगतलं नाई, तवाबी नाई, मंगबी नाई. लोक भांडतीन, शिव्या देतीन, पन कोन्या पोराच्या जमत्या लग्नात मोडता घालत नाईत. मावसी होती माही बपेऱ्याले, मध्य प्रदेश तिथून दिसते, धानाचे वावर. मावसा, गोमाजी, म्हनला, आना, राहीन सपरीत, घराबाहेरच्या छपरात. त्याले न्याचं काम माह्याकडं. एसटीत मी त्याले खिडकीपाशी बसवलं आनि तुमसरपर्यंत माह्या दोनी हातानं त्याचे दोनी कान दाबून धरले. कंडक्टर म्हने, "काय बे, डोकसं सुटून पडून राहिलं काय त्याचं?" सारी गाडी हासली. मीबी हासलो. मावसीच्या सपरीत मी कांड्यायची थैली सोडली, रांग लावून देल्ली, पहिली कांडी मी ठेवली. म्हनलं, "चिंधू, इथं बस. लग्न झालं का मी येतो." तो कांड्याकडं पाहून म्हनला, "येतो."

बैसाखात लग्न झालं. मांडोत मी हळदीनं पिवळा बसलो होतो, आनि माह्या बाजूले कौशल्या, सतरा वर्सांची, बांगड्या वाजवत. मले त्या बांगड्यायचा आवाज आयकून कोनाची आठवन आली असन तुमीच सांगा. आता कसा आनू त्याले? कोन म्हनून आनू? जो नाईच असं सांगून हे पोरगी आनली. दिवाळी गेली, होळी गेली, माहं ते 'येतो' तसंच राह्यलं. दुसऱ्या वर्साच्या पुस महिन्यात मी गेलो. एकटा, घरी सांगतलं सूत पाहाले चाललो. बपेऱ्याच्या अलीकडं उतरलो, बांधाबांधानं चाललो, धान कापलेलं, नुसते धसकटं. लांबून सपरी दिसली. तो बसला होता. रांग होती समोर, लांब झाली होती, कांड्यायच्या पुढं त्यानं काटक्या लावल्या होत्या. बोटं नाचवून राहिला होता उन्हात. मले वाटलं, सुखात हाये. असं वाटून घेतलं मी. खरं सांगू काय, मी हाक मारली असती आनि तो उठला असता, त मंग माह्या हाती काय होतं? मी बांधावरून परत आलो. पंधरा वावरं राहिली होती, खुशालभाऊ. मी आजबी मोजतो ते वावरं.

तिसऱ्या पावसाळ्यात ताप आला त्याले. कार्ड आलं मावस्याचं. बाबानं वाचलं, फाडलं, चुलीत टाकलं, आनि मागावर बसला. मीबी बसलो माह्या मागावर. त्या दिवशी मी जेवढं कापड इनलं तेवढं कवाच इनलं नसन. कौशल्या भूषनच्या वेळेस पोटुशी होती, चाय घेऊन आली, इचारलं, "काय लिहलं होतं कार्डात?" मी धोटा थांबवला नाई. म्हनलं, "मावसीकडं बैल मेला." ते म्हनली, "अगाई. चांगला होता काय?" मी म्हनलं, "हो. चांगला होता." पुढं किती वर्सांनं मावसी मरनाआधी मले म्हनली, का मी त्याले रोज म्हनो, ऊठ रे लेका, घरात चाल, पानी येऊन राहिलं. कांड्या आत घेई, पन आपन जागचा हाले नाई. तुह्या तोंडचं "ऊठ" पायजे होतं त्याले. भूषन वर्साचा झाला आनि "आबा" म्हनला, तवा मी मागाखाली तोंड लपवून रडलो. कौशल्या सांगे साऱ्यायले, पाहा, बापाले किती आनंद झाला.

आनि मोनू. तीन वर्सांची असन. मी खड्ड्यात पाय सोडून इनून राहिलो होतो. समोर जमिनीवर पोट्टी एकटीच खेळे. मी धोटा फेकला, मान वर केली, आनि पाह्यलं त माह्या मागापासून त दारापर्यंत कांड्या. रांग. दोरी धरल्यावानी. पोट्टी उजेडाकडं तोंड करून बोटं नाचवून राहिली होती. तिले कोनी शिकवलं नोयतं, हो. त्या घरात ते पाहलेला मी एकटा जिता होतो. मी काय केलं ठाऊक हाये? खड्ड्यातून उठलो आनि पायानं ते रांग उधळून देल्ली. कोनी पाहाच्या आधी. पोट्टी अशी रडली का पितळेवाले हातोडे सोडून धावले. तृप्ती आली, म्हनली, "काय झालं मामाजी?" म्हनलं, "काही नाई. पाय लागला."

आता एक राह्यलं, तेबी आयका. ग्रहनाच्या सकाळी मी मागावर होतो. आर्डर होता. तान्याचा उभा धागा तुटला, मांगच्या बाजूनं, माहे पाय खड्ड्यात, हात पोचे ना. मीच हाक मारली, "तृप्ती, जरा इकडं ये, गाठ मारून शेपूट काप बाप्पा." ते म्हनली, "मामाजी, ग्रहन हाये, आई रागावतीन." मी म्हनलं, "येवढ्यानं काय होते, कैची मार." म्हनून ते उठली. म्हनून तिच्या हाती कैची होती. कौशल्या वरडत होती तवा मी खड्ड्यात होतो, गुडघ्यायपर्यंत. तृप्तीनं माह्याकडं पाह्यलं. एकदाच. मंग खाली पाह्यलं. तिनं आजपर्यंत कोनाले सांगतलं नाई का मामाजीनं बोलावलं होतं. नवऱ्यालेबी नाई. सहा वर्सं ते माहं झाकून राहिली, आनि तिच्याच जिवावर मी माहं झाकून राहिलो. कैचीनं काही झालं नाई हे मले तिच्यापेक्षा जास्त मालूम हाये. मॅडमपेक्षाबी जास्त. मॅडमनं मेंदू पाह्यला पुस्तकात. मी त्याचे कान धरले होते तुमसरपर्यंत.

तुमी म्हनान, सहा वर्सं गप बसला, आनखी सहा बस. पन मंगळवारी ग्रहन हाये. होळीच्या पुनवेले. चंद्र उगवन तवाच धरलेला उगवन म्हनतात. आनि तृप्तीले परत सहावा महिना लागला. तिनं घरातल्या साऱ्या कैच्या, विळे, सुया, ब्लेडबी, फडक्यात बांधून शेजारच्या दीपमालाच्या घरी नेऊन ठेवल्या, चार दिवस आधीच. कौशल्यानं सांगतलं नाई, स्वताच. काल कौशल्याले म्हनते, मी आयकून राहिलो होतो, "आई, मले बाजेले बांधून टाका सकाळपासून. झोपेत हात हालला त? तुमीच बांधा, आनि तुमीच सोडा. तुमी ऊठ म्हनेपर्यंत मी उठनार नाई." तुमी ऊठ म्हनेपर्यंत. माह्या घरात, माह्या तोंडासमोर. कौशल्याबी घाबरली हो, म्हनली, "येवढं नाई लागत वं." त ते रडाले लागली, म्हनते, "नाई, बांधाच." आनि समजा बांधलं, आनि समजा दुसरंबी मोनूसारखंच झालं? होऊ शकते, मॅडम म्हनल्या होत्या. मंग हे पोट्टी म्हनन का दोरी ढिली राह्यली. जनमभर दोरीच शोधत राहीन ते.

मी सांगतलं त काय होईन ते मी मोजलं हाये. कौशल्या म्हनन, म्हंजे माह्या बापाले फसवून आनलं मले. खरं हाये. इचारन, तो बैल? मी काय सांगू? भूषन म्हनन, माह्या अंगात हाये म्हंजे. असन त असन. ते सारं होईन. पन या पोरीले समजन का मोनू आभाळातून नाई पडली, कैचीनं नाई कापली. ते आमच्याकडून आली. तिच्या आधी एक होता, अशीच बोटं नाचवाचा, अशीच रांग लावाचा, आनि त्याले कोन्या ग्रहनानं नाई मारलं, त्याच्या भावानं बसवून ठेवला.

आला वाटते. चाक थांबलं तुमचं, हिरवं दिसून राहिलं. आनि ते पाहा, आता पाहा वळून, येऊनच राहिली. मोनूचे हात आपल्या कानावर, आनि तिच्या हातावर तृप्तीचे हात. पाह्यलं? अशीच आनते ते तिले साऱ्या रस्त्यानं, पोट घेऊन, वाकून वाकून. तिले कोनी शिकवलं नोयतं.

खुशालभाऊ, आयका, लवकर सांगतो. मले आपल्या तोंडानं सुरवात नाई करता येत. पाह्यलं करून, मागावर, संडासात, एसटीत, शब्द येते आनि जिभेवरच बसून राहते. मले इचाराले पायजे. दोनदा इचारलं, नागपूरले आनि इथं, दोनी वेळा मी नाई म्हनलो. तुमी तो अकरावा रकाना काटा. काट मारा त्या 'नाई'वर, दिसन अशी. आनि ते बसली का परत वाचा, तिच्यासमोर, जोऱ्यानं वाचा, कुटुंबात यापूर्वी असं कोनी होतं का. मी इकडंतिकडं पाहीन, मी म्हनीन का सांगतलं ना मांगाशी, मी उठून चालू लागीन कदाचित. तुमी पेन खाली ठेवू नोका. मले म्हना, नंदलालजी, बसा. आनि परत इचारा.